गोळ्यांच्या पावसात उभे कसे राहावे?

संगणकाच्या पडद्यावर तळाशी एक चिमुकले विमान आहे आणि वरून गुलाबी-निळ्या गोळ्यांचा असा वर्षाव चालला आहे की मागचे आकाशही दिसू नये, असा खेळ खेळणारे एखादे मूल आज पुष्कळ घरांत आढळते. त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांचा अभिप्राय बहुधा ठरलेला असतो : 'यात बोटांच्या चपळाईपलीकडे आहे काय?' आमचे मत निराळे आहे. या खेळात चपळ बोटांनीच पुष्कळांचा घात होतो. तो चांगला खेळता येऊ लागतो कसा, याचा थोडा विचार या महिन्यात करू.

या प्रकाराला इंग्रजीत 'बुलेट हेल', म्हणजे गोळ्यांचा नरक, असे भयंकर नाव आहे. जपानी लोक त्याला 'दान्माकु', म्हणजे गोळ्यांचा पडदा, म्हणतात. आणि खेळाचे माहेर जपानच आहे. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला, तेव्हा शत्रूच्या दोन-चार गोळ्या पडद्यावर असत. १९९३ साली तोआप्लान कंपनीचा 'बात्सुगुन' आला आणि गोळ्यांची दाटी एकदम वाढली. पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडाली. परंतु तिच्यातील मंडळींनी 'केव्ह' नावाची नवी कंपनी काढली आणि १९९५ मध्ये 'दोनपाची' व १९९७ मध्ये 'दोदोनपाची' हे खेळ दिले. घरगुती संगणकावर हा प्रकार लोकप्रिय केला तो 'तोहो' या मालेने. 'झुन' या नावाने ओळखला जाणारा एकच गृहस्थ तिची आखणी, चित्रे आणि संगीत बहुतांशी एकहाती करीत आला आहे.

नवशिक्याने पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी, ती ही की आपण दिसतो तेवढे मोठे नसतो. विमान अंगठ्याएवढे दिसले, तरी गोळी लागली असे मोजण्याची जागा त्याच्या मध्यभागी तिळाएवढी असते. 'तोहो' मालेतील पुढच्या खेळांत एक कळ दाबून धरली की आपली गती मंदावते आणि तो तीळ स्पष्ट दिसतो. पंखांवरून गोळी गेली तरी काही बिघडत नाही, हे एकदा मनाला पटले म्हणजे निम्मी घबराट ओसरते आणि जिथे भिंत वाटत होती तिथे वाटा दिसू लागतात.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. सगळ्या गोळ्या आपल्या जिवावर उठलेल्या नसतात. काही गोळ्या आपण ज्या जागी आहोत त्या जागेचा नेम धरून सुटतात. काही आपण कोठेही असलो तरी ठरलेल्या नक्षीनेच पसरतात. थोड्या मात्र खरोखरच कशाही येतात. नेम धरलेली गोळी सुटल्यावर वळत नाही, म्हणून तिच्यासाठी किंचित सरकणे पुरते. नवशिका नेमके उलटे करतो. तो सैरावैरा पळतो, शत्रूचा नेमही त्याच्यामागे फिरतो आणि साऱ्या पडद्यावर गोळ्या विखुरतात. जाणता खेळाडू एकाच दिशेने कणाकणाने सरकतो. गोळ्यांची धार त्याच्या मागोमाग एका ओळीत येत राहते. कडेला पोचण्यापूर्वी तो एक झटकन मोठी हालचाल करून त्या धारेत खिंड पाडतो आणि तिच्यातून उलट दिशेला निघतो.

आमच्यावर नेम धरून पंख्यासारख्या पसरणाऱ्या गोळ्यांची गंमत तर अंकगणिताची आहे. त्यांची संख्या विषम असेल, तर मधली गोळी थेट आपल्या अंगावर येते, म्हणून हलले पाहिजे. संख्या सम असेल, तर आपण बरोबर दोन गोळ्यांच्या मधल्या फटीत असतो. तेव्हा जो स्थिर राहतो तो वाचतो आणि जो घाबरून हलतो तो मरतो.

तिसरी गोष्ट दृष्टीची. शत्रूकडे टक लावून पाहणारा आणि केवळ स्वतःच्या विमानाकडे पाहणारा, दोघेही फसतात. नजर विमानाच्या थोडी वर, क्षणभराने गोळ्या जिथे पोचणार त्या पट्ट्यावर असावी. विमान डोळ्यांच्या कडेने दिसतेच.

चौथी गोष्ट बाँबची. बहुतेक खेळांत पडद्यावरच्या गोळ्या एका क्षणात साफ करणारे दोन-तीन बाँब हाती दिलेले असतात. नवशिके ते ठेवणीतल्या शालूसारखे जपतात आणि एकही न वापरता मरतात. 'तोहो'त तर एक जीव गेला की उरलेल्या बाँबची मोजणी नव्याने सुरू होते. जपून ठेवलेल्याचा जमाखर्च कोणी विचारीत नाही. कोणत्या ठिकाणी बाँब टाकायचा, हे आधीच ठरवून ठेवावे. संकट अंगाशी आल्यावर ठरवू म्हटले, तर बोट कळीपर्यंत पोचत नाही.

आता सरावाविषयी. जपानी खेळघरांत शंभर येनचे नाणे टाकून खेळ सुरू होई आणि हरल्यावर आणखी नाणी टाकून तिथूनच पुढे जाता येई. तरीही जाणकारांत मान होता तो एकाच नाण्यात खेळ पुरा करणाऱ्याला. घरी नाणे लागत नाही, म्हणून मूल दहादा मरूनही शेवट गाठते आणि अडलेली जागा अडलेलीच राहते. आपल्याकडे ज्या घरांत गाण्याचा रियाज चालतो, तिथे अडलेली तान बाजूला काढून, लय कमी करून शंभरदा घोटण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. या खेळांतही एकच टप्पा निवडून खेळण्याची सोय पुष्कळदा असते, आणि आपलाच झालेला डाव पुन्हा पाहण्याचीही. तो पाहताना प्रत्येक मरणाचे कारण वहीत लिहावे : कोपऱ्यात सापडलो, शत्रूकडे पाहत राहिलो, बाँब राखून ठेवला. आठवडाभरात तीच दोन-तीन कारणे पुन्हा पुन्हा दिसतील, आणि सुधारायचे तेवढेच असते. सुरुवातीला खेळ एकच घ्यावा, विमान एकच, आणि पातळी सोपी. डोळे शिणले की उठावे. शिणलेल्या डोळ्यांनी केलेला सराव चुकाच पक्क्या करतो.

या कौशल्याने परीक्षेत गुण वाढतील, असे आम्ही सांगणार नाही. मात्र एकाच ठिकाणी पन्नासदा हरणारे मूल त्या हरण्याचे काय करते, हे वडीलधाऱ्यांनी पाहण्यासारखे आहे. कळफलक आपटून ते उठून जाते, की आपण कोठे चुकलो हे शोधू लागते, यात पुढच्या आयुष्याची एक सवय लागत असते. ती कोणती लागावी, हे काही अंशी आपल्या प्रश्नावर अवलंबून आहे. 'आज जिंकलास का?' असे विचारले तर उत्तर बहुधा 'नाही' असेच येईल आणि संभाषण तिथेच संपेल. 'आज कोठे अडलास?' असे विचारून पाहावे. मूल खुर्ची सरकवून आपल्याला शेजारी जागा करून देईल.