प्रयोगशाळेची जबाबदारी कोणाची?

बेंगळूरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावला, तर पुढचा क्रम ठरलेला असतो. कारखाने निरीक्षक येतो, मालकावर गुन्हा नोंदवला जातो, भरपाईचा दावा उभा राहतो. अंमलबजावणी ढिली असेल. पण उत्तरदायी कोण, हे कायद्याने सांगून ठेवले आहे. 5 डिसेंबर 2018 रोजी पीण्यापासून काही किलोमीटरवर, भारतीय विज्ञान संस्थेच्या शॉकवेव्ह संशोधन प्रयोगशाळेत स्फोट झाला. एक तरुण संशोधक मृत्युमुखी पडला, तिघे जखमी झाले. चौघेही संस्थेशी निगडित एका नवउद्योगात काम करणारे. देशातील सर्वाधिक साधनसंपन्न संस्थांपैकी एकीत हे घडले; मग राज्य विद्यापीठांच्या, संलग्न महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांबद्दल काय बोलावे?

कायद्याची स्थिती विचित्र आहे. बेंगळूरूच्याच पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 1978 मध्ये ‘उद्योग’ या शब्दाची व्याप्ती वाढवली आणि शिक्षणसंस्था तीत आल्या. परंतु 1988 मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवले, की शिक्षक ‘कामगार’ नव्हेत. संशोधक विद्यार्थी तर याहून अधांतरी. त्याला मिळते ती शिष्यवृत्ती, वेतन नव्हे. त्यामुळे भरपाईचा कायदा सहसा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रयोगशाळा म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून कारखाने निरीक्षकही तिकडे फिरकत नाही. (पीण्यातील अगदी छोट्या कारखान्यांनीही यावर फार हसू नये. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी 1948 च्या कायद्यात असलेली 10 कामगारांची मर्यादा 2020 च्या संहितेने 20 वर नेली आहे.)

विद्यापीठांकडून यावर येणारे उत्तर पैशाचे असते. अनुदान अपुरे, पदे रिक्त, वायुवीजनाची यंत्रणा महाग. हे खरे आहे, पण अर्धेच. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने 1985 पासून पडून असलेले कोबाल्ट-60चे विकिरण यंत्र 2010 मध्ये लिलावात काढले. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले, तिथे फोडले गेले आणि किरणोत्सर्गाने एका कामगाराचा बळी घेतला. हा अपघात टाळण्यासाठी लागला असता तो एक अद्ययावत नोंदवहीचा आणि ती वाचणाऱ्या माणसाचा खर्च. खोलीत कोणती रसायने आहेत, ती कधी आली, कोणाच्या ताब्यात आहेत, कशी नष्ट करायची, याची यादी करायला मोठा निधी लागत नाही. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधायलाही नाही. रात्री प्रयोगशाळेत एकट्याने काम करू नये, हा नियम तर फुकट आहे.

खर्च आहे तो माणसाचा. 2020 च्या संहितेनुसार 500 कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाला असे बंधन नाही. प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र अधिकारी परवडणार नाही, हे मान्य. मात्र एका परिसरातील पाच-सहा महाविद्यालयांत मिळून एक अधिकारी नेमता येईल आणि त्याचे वेतन विद्यापीठाने संलग्नता शुल्कातून द्यावे. हा अधिकारी विभागप्रमुखाच्या हाताखाली असता कामा नये. त्याचा अहवाल थेट कुलगुरूंकडे जावा आणि धोका दिसल्यास प्रयोगशाळेला त्याच दिवशी टाळे लावण्याचा अधिकार त्याला असावा. शोधनिबंधाची मुदत जवळ आलेली असतानाही हे टाळे टिकेल का, हा प्रश्न राज्य सरकारने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करूनच सोडवायला हवा. परिपत्रके काढून तो सुटणारा नाही.