‘शुभ’ आधी, ‘लाभ’ नंतर

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी पाटावर लक्ष्मीची प्रतिमा, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे आणि हिशेबाची वही मांडून त्यांचे पूजन करण्याची आपली परंपरा आहे. वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखाटून त्याच्या दोन बाजूंस ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द लिहिले जातात. द्रव्यार्जनाला आपल्या परंपरेने हीन लेखले नाही. तसे असते तर जमाखर्चाच्या वहीला हळदकुंकू वाहिलेच गेले नसते. तथापि लाभाच्या आधी शुभ लिहावयाचे, हा क्रम मात्र तिने घालून दिला. हा क्रम यंदा आम्हांस विशेषत्वाने आठवतो, कारण दिवाळीचा फराळ घरोघर करून विकणाऱ्या असंख्य भगिनींचा व्यापार आता वहीतून आणि ओटीवरून निघून मोबाइलच्या चिमुकल्या काचेवर येऊन बसला आहे.

‘माल चांगला असेल तर जाहिरात हवी कशाला?’ असा प्रश्न आमची जुनी मंडळी विचारतात. प्रश्न सात्त्विक आहे, पण तो चाळीच्या काळचा आहे. गिरगावात किंवा लालबागेत एका बिऱ्हाडी भाजणी खमंग भाजली गेली की तिचा दरवळच चार मजल्यांवर जाहिरात करीत असे. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. गिरणगावातील कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या भगिनींना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. या साऱ्यांच्या पाठीशी शेजार होता, ओळख होती, कर्णोपकर्णी पसरणारी कीर्ती होती. आज चाळी गेल्या. बिऱ्हाडे बदलापूर, विरार, कोथरूड अशी विखुरली. समोरच्या सदनिकेत कोण राहते हे ठाऊक नसते. अशा वेळी ज्या माउलीच्या हाताला चव आहे, पण जिला दुकान घेण्याची ऐपत नाही, तिने आपल्या चकलीची वार्ता जगाला कळवावी कशी? तिला व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम ही माध्यमे मिळाली, हे आम्ही इष्टच मानतो. ती वापरण्यात अप्रतिष्ठा नाही. प्रश्न आहे तो ती कशी वापरावीत याचा.

पहिली गोष्ट सत्याची. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात, रोज पाणी बदलावे लागते, गूळ घालून पीठ मुरू द्यावे लागते. तेव्हा कोठे तुपात सोडलेल्या अनारशाला जाळी पडते. ही जाळी छायाचित्रात दिसते. पण ते छायाचित्र आपल्याच अनारशाचे असावयास हवे. दुसऱ्याच्या ताटाचे चित्र उचलून आपल्या नावावर खपविणे ही चोरीच होय. ‘साजूक तुपातील’ असे लिहून वनस्पती तुपात तळणे आणि कारखान्यातील माल आणून त्यावर ‘घरगुती’ ही चिठ्ठी डकविणे, हे तर त्याहून वाईट. कारण तो फराळ प्रथम देवापुढे ठेवला जातो. गिऱ्हाईक फसतो तो एकदा; पण ज्या घरात असत्याचा नैवेद्य दाखविला गेला, त्या घराच्या श्रद्धेशी आपण काय केले, याचा विचार विकणाऱ्याने करावा.

स्तुतीचेही तसेच. आप्तेष्टांच्या नावे स्वतःच अभिप्राय लिहून ‘अप्रतिम’, ‘आईच्या हाताची चव’ अशी प्रशस्ती करून घेण्याची चाल पडली आहे. विक्रेत्याने ग्राहक असल्याची बतावणी करून आपल्याच मालाचे अभिप्राय लिहू नयेत, असा स्पष्ट निर्बंध २०२० च्या ई-वाणिज्य नियमांत आहे. कायदा नसता तरी आत्मस्तुतीला आपल्याकडे दोषच मानले गेले आहे. त्यापेक्षा एका खऱ्या गिऱ्हाइकाचे ‘चकली उत्तम, शेव थोडी तिखट’ हे वाक्य, त्यातील उणिवेसह, जसेच्या तसे दाखवावे. त्या ‘थोडी तिखट’मुळेच ‘उत्तम’वर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

आणखी एक खोड म्हणजे भाव झाकून ठेवणे. ‘किंमत विचारा’ असे लिहिले की विचारणाऱ्याला संकोच वाटतो आणि प्रत्येकाला निराळा भाव सांगितला जात असल्याचा संशय येतो. किलोचा दर, तुपातला की तेलातला, किती दिवस टिकेल, मागणी कोणत्या तिथीपर्यंत घेतली जाईल, ही चार वाक्ये चित्राखाली उघड लिहावीत. छायाचित्र सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी, घरच्याच ताटात घ्यावे. भपक्याच्या सजावटीपेक्षा ते अधिक बोलते. खाद्यपदार्थांच्या व्यवसायाची शासकीय नोंदणी करून तिचा क्रमांकही द्यावा.

देवतांच्या प्रतिमांबद्दल आम्हांस स्पष्ट बोलावयाचे आहे. दीपावलीच्या शुभेच्छा म्हणून लक्ष्मीचे चित्र पाठवावयाचे आणि तिच्या चरणांशी, कधीकधी चरणांवरच, आपल्या दुकानाचे नाव व दूरध्वनी क्रमांक छापावयाचा, यात शुभेच्छा किती आणि व्यापार किती? खोक्यावर छापलेली लक्ष्मी तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात जाते. खोक्यावर पणती काढावी, रांगोळी काढावी. देवीला देव्हाऱ्यातच राहू द्यावे.

आता मुख्य मुद्दा. ही माध्यमे म्हणजे दुसऱ्याची ओसरी आहे. मालकाने दार लावले की आपण बाहेर. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापना तीन दिवसांवर आली असता, रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम ही तिन्ही एकदम बंद पडली आणि सुमारे सहा तास जगभर बंद राहिली. त्याआधी २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा त्यावर वर्षानुवर्षे जमविलेला श्रोतृवर्ग अनेकांनी क्षणात गमावला. बंदीची कारणे काहीही असोत. ज्यांचे गिऱ्हाईक केवळ तेथेच होते त्यांच्या हाती काही उरले नाही. शिवाय आपले चित्र कोणाला दाखवावयाचे आणि कोणाला नाही, हे इन्स्टाग्रामवर आपण ठरवीत नाही. ते यंत्र ठरविते. हजार अनुयायी असले तरी हजारांना दिसेलच असे नाही.

म्हणूनच वहीपूजनाला आजही अर्थ आहे. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, क्रमांक, गेल्या वर्षी काय नेले, कोणाकडे मधुमेह आहे, कोणाला कडबोळी आवडतात, हे सारे कागदाच्या वहीत उतरवून ठेवावे. माध्यमाने माणूस दारापर्यंत आणावा आणि वहीने तो राखावा. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीतून पाठविलेला निरोप ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जपून ठेवला असेल त्यालाच पोहोचतो, हा त्यातील नियम आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. जो आपल्याला ओळख देतो, त्याच्याशीच आपण बोलू शकतो. अनोळख्यांच्या गर्दीपेक्षा अशी पन्नास घरे अधिक मोलाची.

सावधगिरीची एक सूचनाही येथे आवश्यक आहे. मोठी मागणी नोंदवून ‘पैसे पाठवितो, हे चित्र स्कॅन करा आणि पिन घाला’ असे सांगणारे भामटे सणासुदीत फिरत असतात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही. तो देण्यासाठीच लागतो. हे एक वाक्य प्रत्येक गृहोद्योगिनीने चुलीशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

राहिला प्रश्न आपला, विकत घेणाऱ्यांचा. फुकटचा अंगठा दाखवून कोणाची चूल पेटत नाही. मागणी वेळेवर नोंदवावी; अनारसे धनत्रयोदशीला सांगून लक्ष्मीपूजनाला मिळत नाहीत. ठरलेली रक्कम घासाघीस न करता द्यावी. एखादा जिन्नस बिघडला तर चारचौघांत लिहिण्याआधी तिला एक दूरध्वनी करावा. आणि जिन्नस आवडला तर केवळ चित्र पुढे न पाठविता, ‘आमच्या घरी खाल्ले, चांगले होते’ हे आपले शब्द त्यासोबत लिहावेत. चाळीतला शेजार आता उरला नाही. त्याचे काम आपल्या या दोन ओळी करू शकतात.

आजच्या पूजेत वहीशेजारी मोबाइल ठेवावयाचा असेल तर अवश्य ठेवावा. तोही आता उपजीविकेचे साधन आहे. मात्र त्याच्या काचेवर जे जे लिहिले जाईल, त्यात शुभ आधी आणि लाभ नंतर, हा वहीचा क्रम मोडू नये. कष्टाने मळलेल्या प्रत्येक हाताला या दीपोत्सवात योग्य दाम आणि निष्कलंक नाव लाभो, हीच श्रीलक्ष्मीचरणी प्रार्थना.