तारतम्य आणि इंग्रजी व्याकरण

इंग्रजीच्या परीक्षेंत हल्लीं एकच वाक्य चार तऱ्हांनीं देऊन त्यांतील शुद्ध रूप निवडण्यास सांगतात. पुष्कळ विद्यार्थी कानास जें बरें लागेल त्यावर खूण करून मोकळे होतात. अशा प्रश्नांत कानापेक्षां विचारावर भिस्त ठेवावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम तुलनेचे प्रश्न घेऊं. 'नरनाळ्याचा महाकाली दरवाजा गाविलगडाहून सुंदर आहे,' असें कोणी म्हटलें तर ऐकणारा अर्थ समजून घेतो. परंतु येथें एका दरवाज्याची तुलना सबंध किल्ल्याशीं झाली. म्हणावयाचें होतें तें 'गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्याहून'. मराठी बोलण्यांत ही काटकसर खपून जाते. इंग्रजीच्या परीक्षेंत ती दोष ठरते. तेथें 'दॅन' या शब्दापुढें 'दॅट ऑफ', व अनेकवचन असल्यास 'दोज ऑफ', घालावें लागतें.

'नरनाळा अकोला जिल्ह्यांतील कोणत्याही किल्ल्याहून उंच आहे,' या वाक्यांतही खोंच आहे. नरनाळा त्याच जिल्ह्यांत, आपल्या अकोट तालुक्यांतच आहे; मग तो स्वतःहूनही उंच ठरला! म्हणून इंग्रजींत 'एनी'पुढें 'अदर' हवें.

तिसरी चूक आपल्या संवयीची. मराठी विशेषणास तुलनेचें निराळें रूप नाहीं. आपण 'अधिक चांगला' म्हणतों. तोच शिरस्ता इंग्रजींत नेला म्हणजे 'मोअर बेटर' असें जन्मास येतें. 'बेटर'मध्यें अधिकपणा आधींच आहे. तो दुसऱ्यानें घालण्याचें प्रयोजन नाहीं.

आतां समांतर रचना. 'शाळेंत मुलांस वाचण्यास, लिहिण्यास व गणित शिकवितात,' हें वाक्य लंगडतें, हें मराठी मुलास तत्काळ कळतें. इंग्रजींतही नियम हाच. 'नॉट ओन्ली'मागून ज्या जातीचें पद आलें, त्याच जातीचें 'बट ऑल्सो'मागून यावें. एका जुंवाखालीं एकीकडे बैल व दुसरीकडे रेडा जुंपला तर तास सरळ जात नाहीं, हें आपल्या वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको.

म्हणून इंग्रजी व्याकरण शिकतांना मराठी व्याकरण बाजूस सारूं नये. १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं व १९११ सालीं मोरो केशव दामले यांनीं आपल्या भाषेचीं व्याकरणें प्रसिद्ध केलीं. एका भाषेची घडण ज्यास कळली, त्यास दुसरीची लौकर कळते. संस्कृतांत 'तर' आणि 'तम' हे तुलनेचे प्रत्यय आहेत. त्यांपासूनच आपला 'तारतम्य' हा शब्द झाला, आणि त्याचा अर्थ विवेक असा रूढ झाला. विद्यार्थिमित्रहो, खूण करण्यापूर्वीं एवढेंच विचारा: कशाची तुलना कशाशीं? कोणतें पद कोणत्या पदाच्या जोडीस?

पालकांसही आमची एक विनंती आहे. 'आमच्या मुलाचे गुण शेजारच्या मुलाहून कमी,' हें वाक्य घरोघरीं ऐकूं येतें. व्याकरणानें तें सदोष आहे, कारण गुणांची तुलना मुलाशीं झाली. विचारानें तें त्याहून सदोष आहे. गुणांची तुलना गुणांशीं होईल; सबंध मुलाचें माप त्यानें निघत नाहीं. तुलना करावयाचीच तर मुलाच्या यंदाच्या अभ्यासाची त्याच्याच गेल्या वर्षाच्या अभ्यासाशीं करावी. ती व्याकरणशुद्धही होईल आणि न्याय्यही होईल.