लाल गालांचं कौतुक पुरे, आधी कारण विचारा



आपल्याकडे मुलाचे गाल लाल दिसले की लगेच कौतुक सुरू होतं. ‘तब्येत कशी छान झालीये’, ‘दूध-तूप अंगी लागतंय’. तान्ह्या बाळापुरतं हे चालून जातं. पण सहावी, सातवी, आठवीतल्या मुलामुलींचे गाल आठवडेच्या आठवडे लाल राहत असतील, तर ते तब्येतीचं लक्षण समजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडा वेळ येणारी लाली वेगळी. गालांच्या कातडीखाली बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. खो-खो खेळून आल्यावर, पत्र्याच्या वर्गात मार्चच्या दुपारी किंवा सगळ्यांसमोर उभं राहून बोलायची वेळ आली की या वाहिन्या रुंदावतात आणि गाल तापतात. या वयात मुलं फार लाजतात, त्यामुळे हे जास्त होतं. थोड्या वेळात उतरतं. त्यात काही नाही. फक्त ‘बघा बघा, लाजली!’ असं वर्गात म्हणू नका, ती आणखी लाल होईल.

न उतरणाऱ्या लालीची कारणं मात्र बरीच आहेत. काही मुलांच्या गालांवर, कानाच्या बाजूला, खरखरीत बारीक पुरळ असतं. दंडांवरही तसंच हात लावल्यावर लागतं. हे बहुतेक वेळा घराण्यात चालत आलेलं असतं, त्रास काही नसतो. कुणाला मुरुमं, कुणाला उन्हाची अॅलर्जी. लहान वर्गांत कधी कधी थप्पड मारल्यासारखे दोन्ही गाल लाल होतात, तो विषाणूचा आजार असतो आणि साधारणपणे आपोआप बरा होतो. (शाळेत कुणी बाई गरोदर असतील तर त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना हे जरूर सांगावं.) आणि क्वचित, पण लक्षात ठेवावं असं एक: नाकावरून दोन्ही गालांवर फुलपाखरासारखी पसरलेली लाली, उन्हात वाढणारी, सोबत सांधेदुखी, बारीक ताप, तोंडात फोड, केस गळणं. असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. हा ल्युपस असू शकतो आणि तो मुलींमध्ये जास्त आढळतो.

आणखी एक. आपल्या सावळ्या-गव्हाळ मुलांत लाली लालच दिसेल असं नाही. ती तांबूस, तपकिरी, कधी काळपट दिसते. म्हणून नुसतं बघून भागत नाही, ‘गाल जळजळतात का, खाजतात का?’ हे विचारावं लागतं.

पण मला खरं बोलायचंय ते मलमांबद्दल.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीचे गाल दिवाळीनंतर लालच राहिले. उन्हात आली की ओढणीने तोंड झाकायची. तिच्या आईला विचारलं तेव्हा कळलं, मेडिकलमधून ‘गोरं होण्याची’ ट्यूब आणली होती. चिठ्ठी नाही, काही नाही. ट्यूबवर बेटामिथासोन लिहिलेलं. हे स्टिरॉइड. क्लोबेटासोल, मोमेटासोन हीही त्याच घरातली. नायट्यासाठी विकल्या जाणाऱ्या कितीतरी मलमांतही ही असतात आणि घरात एक ट्यूब आली की ती सगळ्यांच्या तोंडाला लागते.

याची गंमत अशी की सुरुवातीला फरक खरंच दिसतो. स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा उजळ वाटतो. मुलगी खूश, आई खूश. पुढे कातडी पातळ होते, आतल्या वाहिन्या दिसायला लागतात, मुरुमं येतात, गालावर लव वाढते. मलम बंद केलं की चेहरा लालभडक होऊन पेटतो, म्हणून परत तेच लावायचं. व्यसनासारखंच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणलं. ट्यूबवर तसं छापलेलंही असतं, पण ते इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात! आमच्याकडे ती बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळते.

दुकानदाराला दोष द्यायलाच हवा. पण बारा वर्षांच्या मुलीला गोरं व्हायची एवढी घाई का होते, याचं उत्तर काही प्रमाणात शाळेतही आहे. पाहुण्यांना ओवाळायला कोणाला उभं करतात? गॅदरिंगच्या नाचात पुढच्या रांगेत कोण असतं? मुलं हे सगळं टिपत असतात. त्वचेच्या रंगद्रव्याचा धडा शिकवायचा आणि ताट मात्र गोऱ्या मुलीच्या हातात द्यायचं, हे मला पटत नाही. आमच्या शाळेत आता हजेरीच्या क्रमाने नावं घेतो. दोघा-तिघांनी कुरकुर केली, पण चाललंय.

पालकांना एकच विनंती. अशी ट्यूब लावली जात असेल तर मुलीला रागावू नका. बरेच दिवस लावलेलं मलम मनाने एकदम बंदही करू नका. ती ट्यूब पिशवीत घालून सोबत न्या आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, कसं सोडवायचं ते सांगतील. सरकारी रुग्णालयातही दाखवता येतं. आणि शिक्षकांनो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा वजन-उंचीच्या घाईत हे राहून जातं. पथक यायच्या आदल्या दिवशी अशा मुलांची नावं वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, सगळ्या वर्गासमोर नको.