खिडकी उघडी ठेवणारा मामा

काय दोस्तांनो, स्वेटर-मफलर कपाटातून बाहेर निघाले की नाही? आमच्या पुण्यात पहाटे पारा १० अंशांवर आला की गल्लीत शेकोट्या पेटतात आणि 'काय थंडी पडलीय!' हे वाक्य दिवसातून पन्नासदा ऐकू येतं. अशाच एका सकाळी मी तुमची पत्रं फोडत बसलो होतो. त्यातलं एक पत्र वाचलं आणि अंगावरची शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

पत्र नागपूरच्या एका वाचक-मैत्रिणीचं आहे. ती आठवीत शिकते. ती लिहिते, "काका, माझा मामा कॅनडात एडमंटनला राहतो. त्याने पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात झोपायची खोली बनवली आहे. नाताळच्या सुट्टीत मामा आणि मामी तिच्यातून युकॉनला जाणार आहेत. तिथे उणे ३० असतं. आई म्हणते, याला वेड लागलंय. पण मला वेगळाच प्रश्न पडलाय. मामा म्हणतो, रात्री झोपताना आम्ही छताची खिडकी थोडी उघडी ठेवतो. उणे ३० मध्ये खिडकी उघडी? मग एवढा खटाटोप केला कशाला?"

वा! प्रश्न असा हवा. मी तिच्याकडून मामाचा पत्ता घेतला आणि त्यालाच विचारलं. मामा हौशी निघाला. त्यानं फोटोंसकट भलंमोठं उत्तर धाडलं. आजचं सदर त्याच्याच जिवावर!

आधी गाडी पाहू. पिकअप म्हणजे पुढून मोटार आणि मागून उघडा हौदा. आपल्याकडे अशा गाड्यांतून भाजी, सिमेंट, मांडवाचं सामान जातं. अमेरिकेत आणि कॅनडात शेतकरी, सुतार, प्लंबर यांची ती रोजची गाडी. मोठ्या पिकअपचा हौदा आठ फूट लांब असतो. आठच का? कारण प्लायवूडचा अख्खा तुकडा आठ फूट बाय चार फूट असतो आणि तो हौद्यात सपाट बसायला हवा! या हौद्यावर फायबरचं टोपण बसवलं की झाली खोली. कुणी कुणी तर तयार खोलीच विकत आणून हौद्यात ठेवतात आणि घरी आलं की उतरवून ठेवतात.

ही हौस काही आजची नाही. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक लिहिणारा अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली अशाच गाडीतून आपला देश बघायला निघाला होता. वय ५८, सोबतीला चार्ली नावाचा पूडल कुत्रा, आणि गाडीचं नाव रोसिनांटे. हे नाव डॉन किहोटेच्या मरतुकड्या घोड्याचं! ती गाडी कॅलिफोर्नियात सालिनास गावच्या संग्रहालयात आजही उभी आहे.

पण स्टाइनबेक काही भर हिवाळ्यात उत्तर ध्रुवाच्या दिशेला गेला नव्हता. आपला मामा निघालाय अलास्का हायवेनं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जंगलं तोडून हा रस्ता घाईघाईनं बांधला गेला. एडमंटनहून निघून युकॉनच्या व्हाइटहॉर्स गावापर्यंत सुमारे २,००० किलोमीटर. त्याच रस्त्यानं आणखी पुढे अलास्काच्या हद्दीकडे गेलं की जवळच स्नॅग नावाची जागा आहे. तिथे ३ फेब्रुवारी १९४७ ला उणे ६३ अंश तापमान नोंदलं गेलं. कॅनडातला नीचांक! तापमापकातलं अल्कोहोल शेवटच्या खुणेच्याही खाली उतरलं होतं. तिथल्या माणसांनी काचेवर ओरखडा काढून जागा दाखवून ठेवली. या मुलखात गाडीच्या नाकातून विजेची वायर लोंबत असते, बरं का! रात्री ती प्लगमध्ये खोचून इंजिन ऊबदार ठेवायचं, नाहीतर सकाळी गाडी ढिम्म हलत नाही.

आता खोलीकडे वळू. हौदा पोलादाचा. पोलाद म्हणजे उष्णतेचा सुवाहक. आतली ऊब ते इमानेइतबारे बाहेर पोचवतं. म्हणून मामानं जमिनीला, भिंतींना आणि छताला आतून फोमचे दीड इंची तक्ते बसवले. हा फोम म्हणजे आपल्या थर्माकोलचा सख्खा भाऊ. (गणपतीच्या मखराचा थर्माकोल! महाराष्ट्रात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, पण घराच्या भिंतीत तो गुणीच आहे.) फोममध्ये हवेचे लाखो बुडबुडे कोंडलेले असतात, आणि कोंडलेली हवा उष्णतेला पुढे सरकू देत नाही. पोलादातून उष्णता जितकी सहज जाते, त्याच्या हजाराव्या भागाइतकीसुद्धा ती फोममधून जात नाही.

मी कागद-पेन्सिल घेऊन ढोबळ हिशोब मांडला. बाहेर उणे ३० आणि आत १५ अंश हवे असतील, तर नुसत्या उघड्या पत्र्याच्या आणि फायबरच्या खोलीला सुमारे साडेचार हजार वॅट उष्णता सतत द्यावी लागेल. म्हणजे साडेचार इस्त्र्या रात्रभर चालू! फोम लावल्यावर हाच आकडा येतो साडेपाचशे वॅटच्या आसपास. अर्ध्या इस्त्रीचं काम. झोपलेल्या माणसाच्या अंगातूनही ७०-८० वॅट उष्णता निघत असते. म्हणजे मामा-मामी दोघं मिळून दीडशे वॅट फुकट!

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, झालं की मग. सगळ्या फटी बुजवा, दार लावा आणि घोरत पडा. मामानंही नेमकं हेच केलं. नोव्हेंबरात एका रात्री अंगणातच गाडी उभी केली. बाहेर उणे १८. फटीफटींत टेप लावला, खिडकी गच्च बंद केली आणि दोघं झोपले. सकाळी मामीला जाग आली ती नाकावर टपकन पडलेल्या थेंबानं! छताकडे बघितलं, तर प्लायवूडवर शिस्तीत रांगेनं मांडलेले पांढरे ठिपके. रांगोळीचेच म्हणा ना! ते होते स्क्रूच्या डोक्यांवर जमलेल्या बर्फाचे. आणि गादी उचलून पाहिली, तर खालची बाजू ओलीचिंब.

हे पाणी आलं कुठून? पाऊस नाही, नळ नाही. अहो, ते दोघांच्या श्वासातून आणि अंगातून आलं! दोन माणसं रात्रभर झोपली की श्वास आणि न दिसणारा घाम मिळून सुमारे अर्धा लीटर पाणी वाफेच्या रूपानं हवेत सोडतात. आपल्या घरात ते कळत नाही, कारण घर मोठं आणि फटी भरपूर. पण त्या इवल्याशा खोलीत वाफ जाणार कुठे? जिथे गार जागा मिळेल तिथे ती पाणी होऊन चिकटते. यालाच तुमच्या पुस्तकात सांद्रीभवन म्हणतात. स्क्रू फोममधून आरपार गेलेला असतो. त्याचं टोक बाहेरच्या गार पत्र्यात, डोकं आत. फोमला चुकवून थंडी स्क्रूच्या वाटेनं आत शिरते आणि वाफ नेमकी तिथेच गोठते. गादीखालीही तसंच. वरून शरीराची ऊब आणि वाफ, खाली गार फळी.

थोडं पाणीच ना, पुसून टाकू, असं वाटतंय? मग तुम्हांला १९११ सालची गोष्ट सांगायलाच हवी. अंटार्क्टिकावर विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला ऐन हिवाळ्यात निघाले. अंधार चोवीस तास. पाच आठवडे ते चालत होते आणि तंबूत झोपत होते. त्यांचा श्वास आणि घाम रोज झोपायच्या पिशव्यांत मुरायचा आणि गोठायचा. पिशव्या इतक्या कडक व्हायच्या की आत शिरायलाच फार वेळ लागायचा. परत आल्यावर वजन केलं तर पिशव्या दुपटीहून जड झाल्या होत्या. ते सगळं वजन बर्फाचं! एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूबाहेर आला, इकडेतिकडे बघायला त्यानं मान वर केली आणि तेवढ्यात अंगावरचे ओलसर कपडे गोठले. पुढचे चार तास बिचाऱ्यानं मान वर ठेवूनच गाडी ओढली. ओली दुलई ऊब देत नाही, कारण हवेच्या जागी पाणी शिरतं आणि पाणी उष्णता पळवतं. खोलीतला फोम टिकेल, पण रात्रीमागून रात्री पांघरूण भिजत गेलं तर युकॉनमध्ये माणसाची धडगत नाही.

आता आली ती खिडकी! बाहेरची हवा उणे ३० अंशांची असते. इतकी गार हवा अगदी कोरडी असते. एका घनमीटरमध्ये तिला अर्धा ग्रॅमही वाफ धरता येत नाही. पण तीच हवा आत येऊन १५ अंशांपर्यंत तापली की सुमारे १३ ग्रॅम धरू शकते. म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक झुळूक हा एक कोरडा टिपकागद आहे! ती खालच्या झरोक्यातून आत येते, तापते, वाफ पिते आणि हलकी होऊन छताच्या खिडकीतून निघून जाते. जाताना थोडी ऊबही नेते, हे खरं. माझ्या हिशोबानं दोन-अडीचशे वॅट. मामा म्हणतो, तेवढं भाडं मी आनंदानं भरतो. गादीखाली त्यानं अंतर ठेवून लाकडी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे तिथूनही हवा खेळते. आणि स्क्रूच्या डोक्यांवर फोमच्या टिकल्या चिकटवल्या!

खिडकी उघडी ठेवायचं दुसरं कारणही आहे, आणि ते वाचताना थट्टा बाजूला ठेवा. बंद जागेत काहीही जळलं आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेपट अधिक घट्ट धरून बसतं. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. उत्तर भारतात थंडीच्या दिवसांत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात, त्या याच वायूमुळे. बाथरूममधल्या गॅस गिझरचाही धोका हाच. म्हणून मामाचा हीटर वेगळ्या जातीचा आहे. बुटांच्या खोक्याएवढा, डिझेलवर चालणारा. जळायला लागणारी हवा तो बाहेरून घेतो आणि धूर नळीनं बाहेरच सोडतो. आत येते ती फक्त तापलेली स्वच्छ हवा. रात्रभरात एक-दोन लीटर डिझेल लागतं. तरीही उशाशी मोनॉक्साइडचा भोंगा लावलेला आहे, आणि झोपण्याआधी धुराच्या नळीभोवतीचं बर्फ फावड्यानं काढायचं हे मामीचं ठरलेलं काम.

गॅसची शेगडी आत पेटवत का नाहीत? कारण एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं! श्वासाचं निस्तरता निस्तरत नाही, त्यात ही भर. चहा बाहेर उभं राहून करायचा. तोही प्रोपेनवरच हं. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतो आणि सिलिंडरात द्रव होऊन बसून राहतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो. स्नॅगच्या त्या रात्री मात्र त्यानंही हात टेकले असते.

पाण्याचे नळ-पाइप मामानं बसवलेच नाहीत. बर्फ होताना पाणी फुगतं आणि पाइप फोडतं. पाण्याचे दोन कॅन आत, पलंगाजवळ. डिझेल तिथं हिवाळ्यासाठी वेगळंच मिळतं, कारण साधं डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होतं. आपल्याकडे लडाखसाठीही २०१९ पासून असं खास डिझेल निघालंय.

आमच्या नागपूरच्या मैत्रिणीच्या आईंना मामाचा निरोप आहे : "ताई, मी गारठणार नाही. वाटेत लिआर्डच्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबणार आहे. आपल्या वज्रेश्वरीसारखंच आहे, फक्त केसांवर बर्फ जमतं!" ताईंचा राग गेला की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

आता तुमचं काम. एका भांड्यात बर्फाचा चुरा आणि मूठभर मीठ घाला. वर थर्माकोलचा पातळ तुकडा झाकणासारखा ठेवा. त्यातून तीन-चार जाड लोखंडी खिळे आरपार खुपसा, टोकं बर्फात बुडायला हवीत. (खिळे खुपसताना मोठ्या माणसाला हाताशी घ्या.) अर्धा तास थांबा. मग खिळ्यांच्या डोक्यांवर आणि थर्माकोलवर बोट फिरवून बघा, आणि एका खिळ्याच्या डोक्यावर कापसाची टोपी घातली तर काय फरक पडतो तेही पाहा. मुंबई-कोकणातल्या दोस्तांना आणि विदर्भातल्या दोस्तांना एकसारखंच दिसतं का, याची मला फार उत्सुकता आहे. गावाचं नाव घालून पोस्टकार्ड टाका.