मेथीची जुडी आणि विरार फास्ट

वेळेचं नियोजन शिकवणारी पुस्तकं लिहिणाऱ्यांनी संध्याकाळी चर्चगेटला विरार गाडीच्या लेडीज डब्यात एकदा चढून बघावं. साठेक किलोमीटरचा रस्ता, फास्ट असली तरी सव्वा-दीड तास. दादर मागे पडेपर्यंत कुणाच्या मांडीवर मेथीची जुडी सुटते, कुणी मटार सोलायला घेते, शेजारीण न विचारता मूठभर शेंगा आपल्याकडे ओढते. देठं वेगळ्या पिशवीत. भाजी निवडता निवडता सासू, साहेब, मुलाची दहावी, सगळं निवडून होतं. याच डब्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, एखादीचं डोहाळजेवणही होतं. दसऱ्याला झेंडूच्या माळा लागतात. पुरुषांच्या डब्यात टाळ निघतात, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला जातो. (दिवसभर राबून डोळा लागलेल्या माणसाच्या कानाशी टाळ वाजला की त्याच्या भक्तीची कसोटी लागते, त्याचीही बाजू आहे.) या सगळ्याला ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला राग येतो. हा वेळ या बायकांनी हौसेने काढलेला नाही. घर परवडलं ते नालासोपाऱ्याला आणि नोकरी फोर्टात, म्हणून तो गेला. गेलेल्यातला थोडा त्या परत मिळवतात, एवढंच. तेही चर्चगेटला खिडकी पटकावलेल्यांना जमतं. अंधेरीला चढणारीला उभ्याने मेथी निवडता येत नाही. तिची जुडी घरी गेल्यावरच सुटते, बहुधा कुकर लावल्यानंतर.