पार्ट बदलण्याआधी काटा तपासा

वऱ्हाडात उन्हाळा लागला की अमरावती-अकोल्याच्या गॅरेजांत गरम होणाऱ्या गाड्या येऊ लागतात. अ‍ॅम्बॅसडर आणि मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि आमच्या कित्येक मिस्त्री बांधवांची रोजी त्यांच्यावर आहे. तक्रार बहुधा एकच : टेम्परेचरचा काटा लाल खुणेवर जातो, नाहीतर जागचा हलत नाही. मग आधी सेन्सर बदलायचा, नाही जमले तर थर्मोस्टॅट काढून फेकायचा, शेवटी रेडिएटर उतरवायचा. ही रीत आम्हाला मान्य नाही. हा गिऱ्हाइकाच्या पैशाने बांधलेला अंदाज आहे.

इंजिन खरेच तापले की काटाच चुकतो, हे आधी ठरवावे. इंजिन थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहावे. पाणी फार उतरले असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा थंड दाखवू शकतो. त्यावर विसंबून गाडी पळवली की हेड गॅस्केट जाते, इंजिनही जाम होते.

पाणी बरोबर असेल तर इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी आणि सेन्सरची वायर काढावी. एका वायरच्या जुन्या सेन्सरमध्ये बहुधा काटा थंडाकडे येतो. तरीही वरच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. तीच वायर क्षणभर इंजिनच्या लोखंडाला टेकवली की काटा गरमकडे जायला हवा. गेला तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरचा किंवा त्याच्या अर्थचा. आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली तरी अर्थ मिळत नाही. काटा हललाच नाही तर वायर, फ्यूज आणि मीटर पाहावे. पेट्रोलचा काटाही सोबत चुकत असेल तर दोन्ही मीटरांचा सप्लाय आणि अर्थ तपासावा.

थर्मोस्टॅट गरम पाण्यात धरून पाहावा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागतो. तो काढून टाकला तर थंडीत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जाते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले बोअरचे पाणी तर रेडिएटरमध्ये घालूच नये. क्षार बसतात, गंज चढतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट वापरावे.

या तपासणीला थोडाच वेळ लागतो, पण त्यात पार्ट विकला जात नाही, म्हणून ती टाळली जाते. आमचे मत असे की, तपासणीची मजुरी आधी सांगून उघडपणे घ्यावी, आणि गिऱ्हाइकानेही ती कुरकुर न करता द्यावी. काढलेला जुना पार्ट त्याच्या हाती ठेवावा.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. ती वर का ठेवली नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. गॅरेजचा धंदाही याच कसोटीचा आहे, कारण बॉनेटखालचे गिऱ्हाइकाला दिसत नाही. उस्तादांनी शागिर्दाच्या हाती पान्याआधी मल्टिमीटर द्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.